काम मागायला गेलो, सर्टिफिकेट मिळालं

"काका, मुलगा कुठाय?"

रोजगार मेळाव्याच्या दारातल्या टेबलावर बसलेल्या मुलीने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. ठिकाण घाटकोपरच्या एका शाळेचा हॉल, वेळ सकाळी साडेनऊची. मी इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाईल, फाईलमध्ये बायोडेटाच्या दहा कॉप्या. म्हटलं, "मुलगा नाही, मीच आलोय." ती गडबडली. बिचारीची काही चूक नव्हती. तिच्यासमोरच्या फॉर्मवर वयोगटाच्या चौकटी होत्या, १८ ते २५, २६ ते ३५ आणि "इतर". मी सत्तेचाळीस वर्षांचा. तिने "इतर"वर टिक केली आणि मला एक टोपी दिली. टोपीवर योजनेचं नाव होतं. घातली नाही.

तर मंडळी, मी "इतर" आहे. वर्षभर बेकार होतो. त्या वर्षात सरकारच्या बेकारांसाठीच्या जेवढ्या दारांवर टकटक करता येते तेवढी केली, आणि घरात आज तीन सर्टिफिकेटं आहेत. ह्यातून जो राग साठला तो कुठेतरी ओतायचाच होता. आज ओततो. ज्यांना "पण सरकार काहीतरी करतंय ना!" असं म्हणायचंय त्यांनी शेवटपर्यंत वाचावं आणि मग म्हणावं.

मेळाव्याचंच आधी संपवतो. हॉलमध्ये वीस-बावीस टेबलं. त्यातली सहा-सात विमा एजंट हवेत म्हणून ("सर, ही नोकरी नाही, बिझनेस अपॉर्च्युनिटी आहे"), चार-पाच घरपोच डिलिव्हरीची (बाईक तुमची, पेट्रोल तुमचं), तीन सिक्युरिटी एजन्सीची, दोन कॉल सेंटरची. एका टेबलावर चक्क नोकरी नव्हतीच, नोकरी मिळवून देणारा कोर्स विकायला होता. फी फक्त अठरा हजार. दुपारी पाहुणे आले, भाषण झालं, "नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा" हे वाक्य झालं (ते प्रत्येक मेळाव्यात होतं, बहुतेक शासन निर्णयातच असावं). मग स्टेजवर बोलावून काही जणांना पत्रं वाटली. त्यात माझंही नाव! एका सिक्युरिटी एजन्सीने माझी सुपरवायझर म्हणून "प्राथमिक निवड" केली होती. गुलाबाचं फूल, फोटो, टाळ्या.

दुसऱ्या दिवशी एजन्सीला फोन केला. वय विचारलं. सांगितलं. "नाही सर, आमची लिमिट पंचेचाळीस." म्हटलं, अहो पण निवड झालीय, पत्र आहे. "ते तिथे द्यावंच लागतं सर, टार्गेट असतं."

त्याच दिवशी पेपरात बातमी, मेळाव्यात इतक्या उमेदवारांना रोजगार. त्या आकड्यात मी आहे. म्हणजे सरकारच्या हिशेबी त्या दिवशी माझी बेकारी संपली.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. राहायला मुलुंड पूर्वेला. नोकरी अंधेरीच्या एमआयडीसीत, एका कंपनीत स्टोअर्स आणि डिस्पॅच बघायचो. एकोणीस वर्षं. मुलुंडहून घाटकोपर, आणि २०१४ मध्ये मेट्रो सुरू झाल्यावर घाटकोपरहून मेट्रो. त्याआधी साडेतीनशे जन्म बसमध्ये गेले. २०२४ मध्ये कंपनीने बस्तान गुंडाळलं आणि धंदा गुजरातेत नेला. नाव सांगत नाही. सगळ्यांनी हेच केलंय. लालबहादूर शास्त्री मार्गाने मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंत या, पूर्वी जिथे तिन्ही पाळ्यांचे भोंगे व्हायचे तिथे मॉल आणि चाळीस मजली टॉवर दिसतील. आमच्या लहानपणी भोंग्यावर घड्याळ लावायचे.

शेवटच्या दिवशी एचआरच्या बाईंनी प्रेमाने बसवलं, चहा दिला आणि एक कागद पुढे केला. "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे." म्हटलं, वैयक्तिक कसलं? कंपनी बंद करताय तुम्ही! त्या म्हणाल्या, हा फक्त फॉर्मॅट आहे, सही केलीत तर हिशेब आठवड्यात मिळेल, नाहीतर प्रोसेसला वेळ लागेल. घराचा हप्ता होता, मुलीची फी होती. सही केली. आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांनी केली.

त्या एका सहीची किंमत मला नंतर कळली, आणि ती सगळ्यांना कळावी म्हणून हे लिहितोय. आपल्या देशात बेकार झालेल्या माणसासाठी भत्त्याची सोय अजिबात नाही असं नाही. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, म्हणजे ईएसआयची, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना २००५ पासून आहे आणि अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून. अटल योजनेत सुरुवातीला पगाराच्या पंचवीस टक्के मिळायचे, कोविडच्या काळात, २०२० मध्ये, ते पन्नास टक्के केले. किती दिवस? नव्वद. आयुष्यात एकदा. आणि ते कोणाला? ज्याचा पगार महिना एकवीस हजारांच्या आत आहे त्याला. ही मर्यादा २०१७ मध्ये ठरली. आणि स्वतःहून राजीनामा दिलेल्याला नाही! म्हणजे एकवीस हजारांच्या आतला माझा हेल्पर, ज्याला खरंच हे पैसे मिळायला हवे होते, त्याच्याही हातून ते त्या "फॉर्मॅट"ने गेले. मायबाप सरकारने भत्ता ठेवलाय तिजोरीत, आणि तिजोरीची किल्ली ठेवलीय मालकाच्या खिशात.

माझा पगार चौतीस हजार. म्हणजे ईएसआयच्या दृष्टीने मी श्रीमंत. बरं, कामगार कायद्याखाली नुकसानभरपाई? तर माझ्या कार्डावर "सुपरवायझर" लिहिलेलं. औद्योगिक विवाद कायद्यात महिना दहा हजारांपेक्षा जास्त पगाराचा सुपरवायझर हा "कामगार" नव्हताच. हाताखाली दोन हेल्पर, उन्हाळ्यात पत्र्याखाली उभं राहून मीही खोकी मोजायचो, पण कायद्याने मी साहेब! आणि साहेबाला भरपाई लागत नाही.

तर असा मी, भत्त्यासाठी श्रीमंत, भरपाईसाठी साहेब आणि रोजगार मेळाव्यासाठी "इतर".

पहिले पंधरा दिवस मी रोज सकाळी सात पन्नासला डबा घेऊन बाहेर पडायचो. हे आजवर बायकोशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. रेल्वेचा पास तीन महिन्यांचा काढलेला, त्याची अजून मुदत होती. सोसायटीत कळू नये म्हणून जायचो. घाटकोपरला उतरून एका वाचनालयात बसायचो, पेपरातल्या जाहिराती बघायचो, एक वाजता डबा खायचो. पास संपला त्या दिवशी खिडकीवर उभा राहिलो आणि नवा काढायला हात पुढे होईना. मागचा माणूस म्हणाला, "काढा की राव लवकर." रांगेतून बाहेर आलो. नोकरी गेली ती खरी त्या दिवशी.

मग सरकारी संकेतस्थळावर नाव नोंदवलं. आधार, ओटीपी, शिक्षण, जात, पत्ता. "कौशल्य" ह्या रकान्यात यादीतूनच निवडायचं. यादीत ब्युटीशियन होतं, ड्रोन होतं, योग प्रशिक्षक होतं. कच्चा माल कधी मागवायचा, कुठल्या ट्रान्सपोर्टवाल्याचा शब्द धरायचा, पावसाळ्यात नाशिक हायवे तुंबला की माल कुठून फिरवायचा, ह्याला यादीत नाव नव्हतं. एकोणीस वर्षं मी जे केलं त्याला सरकारदरबारी शब्दच नाही. शेवटी "रिटेल" निवडलं. आठवड्यात एका कौशल्य केंद्रातून फोन आला, मोफत कोर्स, तीन आठवडे, सर्टिफिकेट नक्की.

गेलो. कारण घरात बसवत नव्हतं. बॅचला ठरलेली डोकी लागत होती आणि त्यांना चार कमी पडत होती, म्हणून माझं वयही चाललं. शिकवायला तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी. गिऱ्हाइकाशी हसून कसं बोलावं, हात कसा मिळवावा, मुलाखतीत "माझी कमजोरी" काय सांगावी. मी निमूटपणे हात मिळवून दाखवला. एकदा मधल्या सुट्टीत ती म्हणाली, सर, तुम्ही कुठे कुठे अर्ज करता ते मला सांगाल का, माझा पगार तीन महिने झाला नाहीये. बेकारांना नोकरी कशी मिळवावी हे शिकवणारीला स्वतःची नोकरी शोधायची होती! माझा राग तिच्यावर अजिबात नाही. शेवटच्या दिवशी फोटो काढले, अंगठे घेतले. दोन महिन्यांनी केंद्रातून फोन, "सर, कुठे लागलात का? कुठेही लागला असाल तर ऑफर लेटरचा फोटो पाठवा ना, आम्हाला दाखवायचाय." म्हणजे मी स्वतः शोधलेली नोकरीही त्यांच्या खात्यात!

हे माझ्याच नशिबी आलं असेल असं वाटत होतं. पण डिसेंबर २०२५ मध्ये कॅगचा अहवाल संसदेत आला, पंतप्रधान कौशल विकास योजनेवरचा. ही योजना २०१५ ची. कॅगने सुमारे शहाण्णव लाख उमेदवारांच्या नोंदी पाहिल्या आणि त्यातल्या चौऱ्याण्णव टक्क्यांहून जास्त नोंदींत बँक खात्याच्या जागी शून्यं किंवा "लागू नाही" असं लिहिलेलं सापडलं, नाहीतर जागा रिकामीच होती. एकच फोटो अनेक उमेदवारांना लावलेला सापडला. अल्पकालीन प्रशिक्षणाची सर्टिफिकेटं मिळालेल्यांपैकी काम लागलं साधारण एक्केचाळीस टक्क्यांना. एवढे कोटी खर्च करून माणसाचा खातेनंबरही धड लिहिता येत नसेल तर कौशल्य नक्की कोणाला शिकवायला हवं?

आता तुम्ही म्हणाल, तुमचं वय झालं हो, तरुणांचं बघा. बघूया.

आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक मुलगा आहे. बी.कॉम. २०२४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. लोकांनी तिला "लाडका भाऊ" नाव दिलं. वय अठरा ते पस्तीस, बारावीला महिना सहा हजार, आयटीआय किंवा डिप्लोमाला आठ, पदवीला दहा. मुदत सहा महिने. वर्षाला दहा लाख तरुण, असा संकल्प. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती हे तुम्हाला आठवत असेलच. हा मुलगा उपनगरातल्या एका सरकारी कार्यालयात लागला. आईने पेढे वाटले. आम्हीही खाल्ले.

काम काय, तर जे त्या हापिसातल्या रिकाम्या खुर्चीवरच्या क्लार्कने करायचं तेच. आवक-जावक, कॉम्प्युटरवर नोंदी, निवडणुकीच्या दिवसांत रात्री दहापर्यंत. पण तो "कर्मचारी" नाही, "प्रशिक्षणार्थी". त्यामुळे पगार नाही, विद्यावेतन. किमान वेतन नाही, पीएफ नाही, ईएसआय नाही. मुंबईत साध्या अकुशल कामगाराला कायद्याने जे किमान वेतन द्यावं लागतं त्यापेक्षा कमी पैशात पदवीधर मिळाला, आणि तो कोणाला? कायदा राबवणाऱ्या सरकारलाच! खासगी मालकाने हेच केलं असतं तर कामगार आयुक्तांनी नोटीस काढली असती. (काढली असती का? असो.)

सहा महिने संपले. ओरड झाली, मुदत आणखी पाच महिने वाढवली. अकरा महिन्यांनंतर सर्टिफिकेट आणि नमस्कार. राज्यभर अशा प्रशिक्षणार्थींनी २०२५ मध्ये मोर्चे काढले, धरणी धरली. मागणी एकच, जे काम आम्ही अकरा महिने केलं तेच काम आम्हाला द्या. काम तर तिथेच आहे, खुर्ची तिथेच आहे, फायली तिथेच तुंबल्यात. तो मुलगा आता घरी आहे आणि सरकारी परीक्षेचे फॉर्म भरतो. प्रत्येक फॉर्मला फी. परवा जिन्यात भेटला, म्हणाला, "काका, प्रशिक्षण कसलं दिलं ते मला अजून कळलं नाही. पहिल्या आठवड्यात जे येत होतं तेच शेवटच्या आठवड्यात येत होतं."

मला ह्यात जे चीड आणणारं वाटतं ते सांगतो. ह्या सगळ्या योजना एका गृहीतकावर उभ्या आहेत, की नोकऱ्या भरपूर आहेत, फक्त माणसात खोट आहे. त्याला बोलता येत नाही, हात मिळवता येत नाही, कौशल्य नाही, "ॲटिट्यूड" नाही. म्हणून माणूस दुरुस्तीला घ्यायचा. कारखाना गुजरातेत गेला म्हणून मी बेकार झालो, आणि उपाय काय, तर मला हसायला शिकवायचं! अंधेरीत माझ्यासारखे तीनशे जण एका दिवशी घरी बसले. तीनशे जणांचा ॲटिट्यूड एकाच दिवशी बिघडला होता काय?

आणि ही काही आजची गोष्ट नाही. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज आलं १९४५ मध्ये, महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी. १९५९ च्या कायद्याने मालकांना रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवणं सक्तीचं केलं, पण तिथून माणूस घेणं मात्र सक्तीचं केलं नाही. कळवा आणि विसरा. आमच्या पिढीने त्या कार्डाचं नूतनीकरण एखाद्या नवसासारखं केलं. मग सुशिक्षित बेरोजगारांना कर्ज देणारी पंतप्रधान रोजगार योजना आली, १९९३ मध्ये. १९९५ मध्ये युती सरकारची झुणका-भाकर केंद्रं आली. एक रुपयात झुणका-भाकर, गरिबाला अन्न आणि बेरोजगाराला स्टॉल. उपनगरात राहणाऱ्यांना आठवत असेल, स्टेशनाबाहेर रांगा लागायच्या. सरकार बदललं, अनुदान गेलं, २००० पर्यंत योजनेचा गाशा गुंडाळला. किती स्टॉलवर पुढे शेझवान नूडल्स मिळायला लागल्या ते आपण सगळ्यांनी खाऊन पाहिलंय. मग पोर्टलं आली. २०१५ मध्ये केंद्राचं, कोविडमध्ये, जुलै २०२० ला, राज्याचं "महाजॉब्स". दर सरकारला नवं नाव हवं, नवा फोटो हवा. जुन्याचं काय झालं हे विचारायला कोणी नाही.

पण ह्याच महाराष्ट्राने एकदा नेमकं उलट करून दाखवलं होतं, आणि माझा खरा मुद्दा तोच आहे.

रोजगार हमी योजना. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर कामी आली. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्या कायद्याने खडी फोडायला आलेल्या बाईला विचारलं नाही, की तुझा बायोडेटा कुठाय. तिला पहिलं कौशल्य शिक आणि मग ये असं सांगितलं नाही. काम मागशील तर पंधरा दिवसांत काम, नाही देता आलं तर भत्ता. भत्ता नाममात्र होता, रोजाचा रुपया-दोन रुपये, कामावर भ्रष्टाचार झाला, खोटे मस्टर झाले, हे सगळं खरं. पण तत्त्व बघा. चूक सरकारची धरली होती. काम मिळालं नाही तर दंड सरकारला. देशाने २००५ मध्ये ह्याच कल्पनेवर कायदा केला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी दुसरा कायदा आणला. त्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा इथे नको, पण एक गोष्ट दोन्हींत सारखी आहे. दोन्ही फक्त गावांसाठी.

आणि ह्या हमीला पैसा कुठून आला? तुमच्या सॅलरी स्लिपवर बघा. "पी. टी." म्हणून दोनशे रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत तीनशे. वर्षाला अडीच हजार. हा व्यवसाय कर १९७५ मध्ये आला आणि तो आणलाच मुळी रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. कायद्यात तसं लिहिलंय. नोकरदारांवरचा कर, त्यामुळे मोठा वाटा साहजिकच शहरांचा. ह्यात मला काही चूक वाटत नाही. उलट अभिमान वाटतो. मुलुंड-बोरिवलीच्या लोकलमध्ये लटकणाऱ्या कारकुनाने पन्नास वर्षं दुष्काळातल्या बाईच्या हाताला काम दिलं, न बोलता. तिच्यातली कितीतरी माणसं शेवटी ह्याच शहरात आली आणि आपली शेजारी झाली.

पण मग एकोणीस वर्षं तो कर भरलेल्या माणसाने, स्वतःचं काम गेल्यावर, "माझ्यासाठी काय?" असं विचारलं तर चुकलं काय? शहरात हमी नाही. शहरातल्याला मेळावा, टोपी आणि गुलाबाचं फूल.

लगेच प्रश्न येतील, ते मला तोंडपाठ आहेत. पहिला, शहरात कामं कुठली देणार, खडी फोडणार का? अहो, कामं कुठे नाहीत! महापालिकेच्या इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर दोन तास रांग असते कारण आत एकच माणूस. पालिका शाळांची ग्रंथालयं कुलपात. जुने दस्तऐवज वाळवी खातायत. नाल्यांची मोजणी, झाडांची गणती, खाडीच्या कडेची घाण. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे आठवड्यातून एकदा जाऊन औषधं घेतली का एवढं विचारायला माणूस नाही. माझ्यासारख्याला पालिकेच्या औषधांच्या गोदामात उभं केलंत तर कुठलं औषध कधी संपणार ते महिनाभर आधी सांगेन, तेही नव्या सर्टिफिकेटाशिवाय. केरळने २०१० मध्ये शहरी रोजगार हमी सुरू केली, राजस्थानने २०२२ मध्ये. त्यांच्याही अडचणी असतील. पण हमीची कल्पना ज्या राज्यात जन्मली ते राज्य सत्तेचाळीस वर्षांत शहराच्या वेशीवरच थांबलंय.

दुसरा प्रश्न, मराठी माणसाला नोकरीच का हवी, वडापावची गाडी का नाही टाकत? हे बोलणारे बहुतेक स्वतः नोकरीत असतात किंवा पेन्शनीत. मी चौकशी केली. स्टेशनपासून पाचशे पावलांत गाडीच्या जागेला "देणं" किती ते ऐकून परत आलो. आणि धंदा हा बेकारीवरचा उपाय नाही, तो धंद्याची आवड असलेल्याचा उद्योग आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी ग्रॅच्युइटीचे पैसे तेलात सोडून बघा, असं दुसऱ्याला सांगणं फार सोपं.

तिसरा, पैसा कुठून आणणार? जिथून "लाडका भाऊ"ला आणला तिथून. पैसा आहेच. तो काम द्यायला वापरायचा की आकडा द्यायला, एवढाच प्रश्न आहे.

आणि माझ्या मागण्या फार मोठ्याही नाहीत. मेळाव्यात "रोजगार मिळाला" असं छापायचं असेल तर सहा महिन्यांनी त्या माणसाला फोन करा आणि मग छापा. कंपनी बंद होताना घेतलेला "वैयक्तिक कारणास्तव" राजीनामा हा राजीनामा धरू नका, कपात धरा. ईएसआयची एकवीस हजारांची मर्यादा २०१७ मध्येच अडकून राहिलीय, ती हलवा. नव्वद दिवसांत ह्या शहरात नोकरी लागते असं ज्याला वाटतं त्याने एकदा शोधून दाखवावी. पस्तिशीनंतरही माणूस बेकार होतो हे फॉर्मवर मान्य करा, "इतर" म्हणू नका. आणि सरकारी हापिसातल्या खुर्चीवर अकरा महिने बसवलेल्या पोराला एक तर शिकवा, नाहीतर पगार द्या. दोन्हीपैकी काहीच न करता त्याचे आभार मानू नका.

माझं म्हणाल तर, मला काम लागलं. भिवंडीच्या एका गोदामात. पगार सव्वीस हजार, आधीपेक्षा आठ हजारांनी कमी. मिळालं कसं? ज्या ट्रान्सपोर्टवाल्याशी मी पंधरा वर्षं भांडत आलो त्यानेच एकाला फोन करून सांगितलं, माणूस कटकट्या आहे पण हिशेबाचा पक्का आहे. मुलाखतीत कोणी हात मिळवला नाही. कमजोरी विचारली नाही. तीन सर्टिफिकेटं फाईलमध्येच राहिली.

पहिली सॅलरी स्लिप आली ती बायकोला दाखवली. तिने खालून वर वाचली. "हे दोनशे कसले कापलेत?"

म्हटलं, रोजगार हमीचे.

ती म्हणाली, "कोणाच्या?"